नाटकशाळा नव्हे, खेळ

नर्मदाबाईंना दोन गोष्टींचा मनापासून राग होता. एक मैदानी खेळांचा, आणि दुसरा 'न्हाई' या शब्दाचा. पुढं जिंतुरात त्यांचं नाव राहिलं ते नेमकं या दोन गोष्टींपायीच. त्याला कोण काय करणार!

त्या माहेरच्या नगरच्या. म्हणजे निजामाच्या हद्दीपलीकडच्या, 'इंग्रजी मुलखातल्या', असं सासरी म्हणत, आणि म्हणताना ओठ जरा मुडपत. सहावीपर्यंत शिकलेल्या. वडील पोस्टात होते आणि त्यांना नाटकाचं भारी वेड. गावात कंपनी आली की लेकीला मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसत. असल्या घरातली मुलगी जिंतूरच्या बन्सीधररावांना दिली. बन्सीधरराव घरचे जमीनदार, शिवाय तहसीलीत वकिली करत. लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच नव्या नवरीनं सासूला विचारलं, "इथं नाटकं होतात का हो?"

सासूबाई कस्तुराबाई ज्वारी निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, "नाटकघर हाय बाई. नाटकं न्हाईत."

आणि खरंच तसंच होतं. कापसाच्या जुन्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेलं नाटकघर बाजाराच्या मागं उभं होतं. दगडी चौथरा, सागवानी खांब, वर पत्रा. पडद्यावर राजवाडा आणि राजवाड्यापुढं मोर. रंग उडून उडून मोराची कोंबडी झालेली. एके काळी फिरत्या कंपन्या तिथं महिना महिना मुक्काम ठोकायच्या. पुढं नाटक करायचं म्हणजे तहसीलीची इजाजत आली, तिच्यासाठी हेलपाटे आले, आणि हौशी माणसांची हौस तिथंच फिटली. नाटकघरात आता लग्नकार्याची भांडी पडून असत आणि किल्ली आबासाहेबांच्या कमरेला असे. आबासाहेब नाटकघराचे पंच. स्वतः त्यांनी एकही नाटक पाहिलं नव्हतं, पण चालताना किल्ल्या वाजवायची त्यांना फार आवड.

नर्मदाबाईंनी दहा-बारा वर्षं दम धरला. तोवर दोन मुलं झाली, तीही शाळेत जाऊ लागली. शाळा सरकारी, शिक्षण उर्दूतून. मुलं डोलत डोलत धडे पाठ करत. घरी आली की त्यांना आपल्या भाषेत चार वाक्यं धड बोलता येत नसत. पाहुणे आले तर खांबामागं. नाव विचारलं तर बोट तोंडात. नर्मदाबाईंना अशा मुलांचा भयंकर संताप येई. "तोंड दिलंय देवानं, ते काय फक्त भाकरीसाठी?" असं त्या ओरडत, आणि मुलं आणखी आत जात.

तेव्हा त्यांनी ठरवलं: नाटकघर उघडायचं आणि गावातल्या पोरांना संध्याकाळी तिथं जमवायचं. गाणं, चित्रं, सोंगं, बोलणं, सगळं शिकवायचं. बायकांनी नाटकात पाऊल टाकायचं नाही हे त्यांना माहीत होतं; पण बाईनं पोरं सांभाळली तर कोण काय म्हणेल?

म्हणाले ना! चैत्रातल्या हळदीकुंकवाला घरभर बायका बसलेल्या, डाळ वाटली जात होती, पन्हं फिरत होतं, आणि नर्मदाबाईंनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "मी आता नाटकशाळा काढणार आहे."

पन्ह्याचे पेले हवेतच थांबले. कस्तुराबाईंच्या हातातली कुंकवाची कोयरी तिरकी झाली. नगरच्या पोरीला कुठून ठाऊक असणार? जुन्या माणसांच्या बोलण्यात नाटकशाळा म्हणजे शाळाबिळा नव्हे. नाटकशाळा म्हणजे जहागीरदारानं ठेवलेली नाचणारी बाई. असल्या गोष्टी आजवर दाराआड कुजबुजत बोलायच्या असत, आणि ही बाई हळदीकुंकवात उभी राहून म्हणते, मी काढते!

गावात बातमी चालत जात नाही, पळते, आणि पळताना कपडे बदलते. तिन्हीसांजेला बन्सीधरराव तहसीलीतून निघाले तेव्हा पानवाला डोळा मिचकावून म्हणाला, "वकीलसाहेब, मुबारक! ठेवली म्हनं तुमी?"

"काय ठेवली?"

"आता आमाला कामून विचारता? सगळ्या गावाला ठाऊक हाय."

घरी आल्यावर उलगडा झाला. बन्सीधरराव पोट धरून हसले, हे बरं. दुसरा कुणी असता तर बायकोला माहेरी धाडली असती. कस्तुराबाई मात्र हसल्या नाहीत. "हे बघ सूनबाई," त्या म्हणाल्या, "पोरं जमव, नाचव, काय करायचं ते कर. पण त्या नावाचा उच्चार या उंबऱ्यात न्हाई पायजे."

"मग काय म्हणू, आत्याबाई? नुसती शाळा म्हटलं तर सरकारची परवानगी लागते. नाटक म्हटलं तरी लागते."

"खेळ म्हन की. आमच्या लहानपनी दशावतारी यायचे, त्याला आमी खेळच म्हनायचो. आज खेळ हाय का, उद्या खेळ हाय का. झालं."

झालं. खेळ हे नाव पडलं ते असं, सासूच्या तोंडून.

आबासाहेबांनी कुरकुर करत किल्ली दिली. भांडी एका कोपऱ्यात गेली आणि पोरं आली. आधी वकिलांच्या घरची म्हणून दोन, मग शेजारची, मग शाळा सुटल्यावर दप्तरासकट सरळ तिकडंच पळणारी. नर्मदाबाईंची स्वतःची मुलं नाटकाच्या कामाची नाहीत हे त्यांनी आठ दिवसांत ओळखलं आणि दोघांना पडदा ओढायला बसवलं. आईचं प्रेम वगैरे ठीक, पण ठोंब्याला राजा कोण करणार?

शिकवायची त्यांची रीत सरळ होती. पोराला चौथऱ्यावर उभं करायचं आणि सांगायचं, "तो शेवटचा खांब बहिरा आहे. त्याला ऐकू गेलं पाहिजे. ओरडायचं मात्र नाही, ओरडलास तर तो रुसेल." पोरं महिनाभर खांबाशी बोलत. खांबाला दुपारचं जेवण विचारत, खांबाशी भांडत. गेरू, नीळ आणि काजळ घेऊन त्यांनी पोरांकडूनच जुना पडदा रंगवून घेतला. मोर पुन्हा मोर झाला, फक्त एका पायानं जरा लंगडा.

सगळ्यांत शेवटी आली मनकर्णा. मुंजाजी मेंढक्याची लेक, वय नऊ-दहा. ही शाळेत जात नव्हती. गावाबाहेर शेळ्या राखायची. संध्याकाळी शेळ्या घरी नेताना नाटकघराच्या खिडकीशी थांबायची, आणि एक दिवस आतला मुलगा खांबाशी पुटपुटत असताना बाहेरूनच म्हणाली, "आरं, मला बी ऐकू येईना, खांबाला काय येणार!" नर्मदाबाईंनी तिला दंड धरून आत आणलं. शेळ्या बाहेर चिंचेला बांधल्या. पोरीचा आवाज माळावरचा. शेवटच्या खांबालाच काय, बाजारातल्या पानवाल्याला ऐकू जाई.

एकच कटकट होती, पोरीची भाषा. "'न्हाई' नव्हे गं, ना-ही!" नर्मदाबाई सांगत. मनकर्णा मान डोलवे. "बरं काकू. आता न्हाई म्हननार न्हाई." पोरं हसत, आणि नर्मदाबाई कपाळाला हात लावत. लय, हाय, आमी, करायलाय: सगळ्यांच्याच तोंडात हे होतं, पण इतर पोरं निदान चौथऱ्यावर चढली की सुधारत. ही चढली की जास्तच फुले.

असं दोन वर्षं चाललं. मग लढाईचे दिवस आले, महागाई आली आणि सरकारची धान्याची लेव्ही आली. शेतकऱ्याकडून घेतलेली ज्वारी ठेवायला जागा हवी होती. आबासाहेबांनी तहसीलीत जाऊन आपण होऊन सांगितलं, "आमचं नाटकघर रिकामंच हाय, हुजूर." सरकारदरबारी वजन वाढवायची याहून स्वस्त वाट कुठली?

तहसीलदार नवे होते. हैदराबादकडचे, उमदे गृहस्थ. जागा बघायला ते स्वतः आले. दारात नर्मदाबाई पदर खोचून उभ्या, आत पोरं रंगानं बरबटलेली. साहेबांनी विचारलं, "यहाँ क्या चलता जी?"

नर्मदाबाईंना उर्दू बेताचीच येई. 'नाटक' म्हणायचं नाही, 'शाळा' म्हणायचं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या ठसक्यात म्हणाल्या, "बच्चोंका खेल!"

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "खेल? बहोत खूब! बच्चोंका खेल तो होनाच. कबसे?"

"दोन साल."

"आबासाहेब, आप तो बोले थे खाली पडा है?" आबासाहेबांच्या किल्ल्या गप्प झाल्या. साहेब म्हणाले, "हम जुम्मे को आके खेल देखेंगे. अच्छा रहा तो जगह तुम्हारी. नहीं तो गल्ला." गल्ला म्हणजे लेव्हीचं धान्य.

रात्री जेवताना बन्सीधररावांनी घाबरून विचारलं, "तू नाटक तर नाही ना म्हणालीस?"

"छे! खेळ म्हणाले."

"शाबास. वकिलाची बायको शोभतेस." दोघंही खूश. निम्मं आयुष्य उर्दूत कज्जे लढलेल्या या माणसालासुद्धा उर्दूतला खेल आणि आपला खेळ यांत काय घोळ होऊ शकतो ते सुचलं नाही. हुशार माणसं अशीच कापली जातात.

आठवडाभर तालमी झाल्या. नाटुकलं नर्मदाबाईंनीच रचलेलं: पोरं लगोरी खेळतात, चेंडू बारवेत पडतो, बारवेत राक्षस असतो. तो म्हणतो, मला हसवाल तर चेंडू देईन. बारव म्हणजे गोल मांडलेल्या टोपल्या आणि त्यांवर निळं लुगडं. राक्षस आश्रुबा नावाचा मुलगा, अंगाला काजळ, डोक्याला दोन वांगी बांधून शिंगं केलेली. मनकर्णा पोरांची म्होरकी. तिचं पहिलं वाक्य होतं, "आम्ही भिणार नाही." ते ती अजून "आमी भिनार न्हाई" असंच म्हणत होती. नर्मदाबाईंना धास्ती होती ती त्याचीच.

शुक्रवार म्हणजे शाळेला सुट्टी. दुपारची नमाज झाली आणि साहेब आले. मागं शिपाई. शिपायाच्या काखेत नवाकोरा कातडी फुटबॉल. साहेबांच्या गळ्यात शिट्टी. पुढच्या खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, "मैदान किधर है?"

बन्सीधररावांनी फुटबॉल पाहिला, शिट्टी पाहिली, आणि त्यांच्या डोक्यात सगळा उजेड एकदम पडला.  ते विंगेत धावले. "अगं, आपला खेळ नाही, त्यांचा खेल! त्याला वाटतंय, पोरं फुटबॉल खेळतात! हुतुतू खेळतात!"

नर्मदाबाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा फटीतून साहेबांकडं. मैदान नव्हतं, चेंडू चिंध्यांचा होता, आणि नाटकाला इजाजत नव्हती. दार लावून घेतलं तर उद्या सकाळी ज्वारीच्या गाड्या दारात. "पडदा ओढा," त्या मुलांना म्हणाल्या.

पडदा वर गेला. पोरं लगोरी मांडून बसलेली. साहेब खुर्चीत पुढं सरकले. चेंडू बसला, लगोरी फुटली, पोरं पळाली, चौथरा दणाणला. "शाबास! शाबास!" साहेब ओरडले. इथवर छानच चाललं होतं. मग चेंडू बारवेत पडला, आणि निळ्या लुगड्यातून वांग्यांची शिंगं वर आली.

"चेंडू माझा!" आश्रुबा गरजला.

कर्रर्र करून शिट्टी वाजली. साहेब उभे. "फाउल! ये कौन बीच में आ गया? बॉल वापस करो!"

आश्रुबाचा बाप तहसीलीत पाणी भरायला होता. साहेबांचा आवाज म्हणजे काय ते त्या पोराला चांगलं ठाऊक. राक्षसानं दोन्ही हातांनी चेंडू पुढं केला. "घ्या साहेब, मी न्हाई घेतला." लोक खो खो हसले. आबासाहेब तर टाळ्याच पिटायला लागले. साहेबांना वाटलं, पोरं बिचारी चिंध्यांच्या चेंडूपायी अडली आहेत. त्यांनी शिपायाच्या काखेतला फुटबॉल घेतला आणि टाकला वर चौथऱ्यावर. "छोडो उसको! ये लेव, ये तुम्हारा!"

फुटबॉल टप्पे घेत मधोमध आला आणि थांबला. असा चेंडू त्या पोरांनी जन्मात पाहिला नव्हता. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. राक्षससुद्धा बारवेतून निम्मा बाहेर आला. एका पोरानं जरी लाथ मारली असती तरी नाटक संपलं होतं. विंगेत नर्मदाबाईंनी डोळे मिटून घेतले. दोन वर्षांचे खांब, गेरू, मोर, सगळं गेलं एका फुटबॉलात.

मनकर्णा पुढं झाली. तिनं चेंडू उचलला. वास घेतला, वाजवून पाहिला. मग चौथऱ्याच्या कडेला येऊन तो खाली साहेबांपुढं धरला आणि शेवटच्या खांबाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ह्यो आमचा न्हाई."

साहेबांनी नकळत तो हातात घेतला.

"आमचा चिंध्यांचा हाय. माज्या मायच्या लुगड्याचा. त्यो राक्षसापाशी हाय, आन् त्योच आमाला पायजे. तुमी बसा खाली. आमी आनतो." आणि मागं वळून राक्षसाला म्हणाली, "ए, जा आत बारवेत. कुनी बलावलं तुला वर?"

आश्रुबा टुणकन आत गेला. आणि साहेब? साहेब बसले. फुटबॉल मांडीवर घेऊन, शिट्टी हळूच खिशात टाकून, शाळेतल्या पोरासारखे बसले. नर्मदाबाईंनी डोळे उघडले तेव्हा नाटक पुढं चालू झालेलं होतं.

राक्षसाला हसवायला एकानं माकड केलं, एकानं शिंकणारा म्हातारा केला. राक्षस हसेना. शेवटी मनकर्णा आली. कमरेला करगोट्यात लोखंडी कड्या अडकवलेल्या, पोट पुढं, खळ्ळ खळ्ळ वाजवत, एकेका पावलाला थांबून आजूबाजूला बघत. सगळ्या गावानं ओळखलं. राक्षसाच्या आधी साहेबच हसले, इतके की फुटबॉल मांडीवरून घरंगळला. आबासाहेबांनी आपल्या किल्ल्यांवर उपरणं ओढलं. ते सोंग आपण मुद्दाम घातलेलं नव्हतं, असं नर्मदाबाई पुढं आयुष्यभर सांगत. कुणाचा विश्वास बसत नसे.

चेंडू मिळाला, पडदा पडला. साहेब डोळे पुसत उठले आणि नर्मदाबाईंपुढं येऊन थांबले. आता हसू नव्हतं. "बाई, ये खेल था?"

"जी."

"हमारे में इसको नाटक बोलते. नाटक को इजाजत लगती."

नर्मदाबाईंची उर्दू तिथंच संपली. त्या मराठीत, एक शब्द न गाळता म्हणाल्या, "आमच्यात याला खेळच म्हणतात, साहेब. माझ्या सासूबाईंना विचारा." पुढच्या रांगेतून कस्तुराबाई ठणकावून म्हणाल्या, "व्हय! खेळच हाय त्यो!"

साहेबांनी वकिलांकडं पाहिलं. वकील हात जोडून म्हणाले, "हुजूर, लफ्ज एकच है. मतलब दो."

साहेबांनी घरंगळलेला फुटबॉल उचलला. मग चौथऱ्यावर बसून पाय हलवत भाकरी खाणाऱ्या मनकर्णेकडं त्यांनी बोट केलं. "इस बच्ची ने हमको बिठा दिया," ते म्हणाले. "ठीक है. खेल तो खेल. लेकिन खेल है तो दोनों मतलब का होना. ये बॉल यहीं रहेगा. हर जुम्मे को पीछे के मैदान में फुटबॉल. और उसकी जिम्मेदारी," शिट्टी काढून त्यांनी नर्मदाबाईंच्या हातात ठेवली, "आपकी." आबासाहेबांना जाता जाता सांगितलं, "गल्ला आपके वाडे में रखो. वो भी तो बडा है."

तर मैदानी खेळांचा जन्माचा तिटकारा असलेल्या या बाई त्यानंतर दर शुक्रवारी नऊवारी नेसून, गळ्यात शिट्टी अडकवून आवारात उभ्या राहत. नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत. ज्या पोराचा चेहरा आगाऊ दिसे त्याच्याविरुद्ध त्या शिट्टी वाजवत. तरी जिंतूरची पोरं परभणीला जाऊन सामने मारून येत. ही शिट्टी हळूहळू तालमीतही आली. वाक्य चुकलं, शिट्टी. पाठ फिरवून बोललं, शिट्टी. 'न्हाई' म्हटलं तर मात्र शिट्टी वाजेना. पोरांनी मुद्दाम म्हणून पाहिलं. वाजेना.

राक्षसाचं ते नाटुकलं पुढं दर वर्षी झालं, आणि दर वर्षी पुढच्या रांगेतला कुणी मोठा माणूस उठून वर फुटबॉल टाकी. तो भागच होऊन बसला. साहेबांची बदली झाली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची वर्षं वाईट गेली. कोण कुठं पळालं, कोण उरलं, याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. नाटकघराला कुलूप होतं आणि किल्ली नर्मदाबाईंनी पदराला बांधली होती.

निजामाचं राज्य गेलं आणि इजाजतीही गेल्या. पहिला खेळ ठरला. आबासाहेब आता खादी घालू लागले होते. त्यांनी मोठी पाटी रंगवायचा घाट घातला: बाल नाट्यशाळा. "आता कुनाची भीती न्हाई, वहिनी." नर्मदाबाई म्हणाल्या, "पाटीवर 'खेळ' लिहा. दोन अक्षरं, रंगही कमी लागेल."

तालमीला नव्या मराठी शाळेचे हेडमास्तर आले होते, औरंगाबादहून. मनकर्णेचं लग्न होऊन ती वालूरला गेली होती. तिच्या जागी तिची धाकटी बहीण. फुटबॉल वर आला. पोरगी पुढं झाली, चेंडू धरला आणि म्हणाली, "ह्यो आमचा न्हाई."

"थांब, थांब," हेडमास्तर उठले. "बाळ, शुद्ध बोलावं. 'हा आमचा नाही.' म्हण बघू?"

विंगेतून शिट्टी वाजली, कानठळ्या बसतील अशी. हेडमास्तर दचकून वळले. पदर खोचलेल्या नर्मदाबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

"फाउल," त्या म्हणाल्या. "बसा खाली."